बोअर करूनही गाडी परत धूर मारते: इंजिन बांधायचं की बदलायचं?

नवा पिस्टन टाकून वर्ष होत नाही तोच गाडी पुन्हा निळा धूर सोडते, ऑइल प्यायला लागते, आणि मालक वैतागून विचारतो, "दादा, आता इंजिनच बदलून टाकू का?"

माझं काम बोअरिंग मशीनवरचं, म्हणजे ज्या ब्लॉकमध्ये पिस्टन मागेपुढे होतो त्याची झिजलेली भिंत कापून पुढच्या मापाची करायचं. गाडी माझ्याकडे क्वचित येते. मिस्त्री ब्लॉक पिशवीत घालून आणतो आणि सोबत पिस्टनचा डबा ठेवून जातो. त्यामुळे गाड्यांपेक्षा ब्लॉकच जास्त ओळखीचे झालेत. काही ब्लॉक असे आहेत की पुढची साइझ कधी लागणार हे मालकाआधी मला कळतं.

पुढचं सगळं हिरो होंडाच्या ९७.२ सीसीच्या इंजिनाबद्दल आहे. १९८५ ची सीडी १००, १९९४ पासूनची स्प्लेंडर, नंतरची पॅशन, सगळं एकच घराणं. बीएस-६ नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांचं पेट्रोल-हवेचं गणित वेगळं, ते इथे धरलेलं नाही. बाकी ब्लॉक, क्रँक (पिस्टनच्या धक्क्याने फिरणारा खालचा दांडा) आणि ऑइलबद्दल जे म्हणतोय ते लोखंडी स्लीव्हच्या (ब्लॉकच्या आतल्या नळीच्या) बहुतेक जुन्या फोर स्ट्रोक गाड्यांना लागू पडतं.

या ब्लॉकचा मूळ व्यास ५० मिलिमीटर. त्यापुढे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर मोठे पिस्टन मिळतात. दुकानात त्यांना पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर म्हणतात. शंभरला व्यास होतो ५१, आणि ९७.२ सीसीचं इंजिन १०१ सीसीचं झालेलं असतं. तिथून पुढे नवी स्लीव्ह नाहीतर नवा ब्लॉक. नीट बांधलेलं इंजिन एका साइझवर वर्षानुवर्षं निघतं. ज्या गाडीने दोन-तीन वर्षांत पंचवीसवरून पंचाहत्तर गाठलं, तिचं दुखणं ब्लॉकच्या बाहेर कुठेतरी आहे.

म्हणून बांधायचं की बदलायचं हा दुसरा प्रश्न. पहिला असा की मागच्या वेळी इंजिन गेलं कशाने? ते न शोधता बाजारातून दुसरं इंजिन आणून बसवलं तरी तोच फाटका एअर फिल्टर आणि तोच गळका इन्सुलेटर (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारा तुकडा) त्याच्याही नशिबी येतो.

इंजिन उघडण्याआधी

धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की एकदा भसकन निळा धूर येतो आणि मग बंद होतो, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. उतारावर थ्रॉटल सोडून आलात आणि खाली पुन्हा पीळ दिल्यावर धूर आला, तर व्हॉल्व्हचं गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) किंवा सील. चढाला, डबलसीट, थ्रॉटल उघडा असताना सलग धूर येत असेल तर रिंग-पिस्टन. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो कार्बोरेटरचा विषय. थंडीत सकाळी दिसणारी आणि दोन मिनिटांत विरणारी पांढरी वाफ सोडून द्या.

ऑइल जास्त भरलेलं नाही ना, हेही आधीच बघायचं. एकदा इंजिन ऑइलवाचून गेलेलं असलं की लोक पुढच्या वेळी "थोडं जास्तच असू दे" म्हणून ओततात. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीने एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि तिथून जळायला लागतं. मोजायची पद्धत अशी: गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचं, थोडं थांबायचं, पट्टी पुसून भोकात नुसती टेकवायची. आटे फिरवून आत बसवायची नाही. आटे लावून मोजलं की पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

आता कॉम्प्रेशन. मीटर असेल तर उत्तम, नसेल तर बऱ्या मिस्त्रीकडे असतो. प्लग काढून मीटर लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारायच्या, आकडा लिहून घ्यायचा. मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वर चढला तर गळती रिंगमधून आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. आकडा जागचा हलला नाही तर गळती वर व्हॉल्व्हमध्ये आहे. या इंजिनाला इथे एक खोड आहे. त्याचा ब्लॉक जवळजवळ आडवा असतो. ऑइल टाकल्या टाकल्या मोजलं तर ते सगळं खालच्या भिंतीवर साचलेलं असतं आणि वरची बाजू कोरडी. ऑइल टाकल्यावर किक हाताने हळूहळू दाबून पिस्टन बऱ्याच वेळा मागेपुढे फिरवा, मग मोजा. ही चाचणी घाईत केल्यामुळे चांगली हेड (ब्लॉकवर बसणारा व्हॉल्व्हचा भाग) विनाकारण उतरवलेली मी पाहिली आहेत.

व्हॉल्व्हचं निघालं तर सुटलात. हेड उतरवून सील बदला, गाइड ढिलं असेल तर तेही, सीट घासून घ्या. ब्लॉकला हात लावायची गरज नाही. "उघडलंच आहे तर बोअरही करून टाकू" असं मिस्त्री म्हणेल. चांगल्या मापातला ब्लॉक उगाच कापायचा नाही; गेलेली साइझ परत येत नाही.

ऑइल काढताना

काढलेलं ऑइल गटारात ओतण्याआधी जुन्या पांढऱ्या बनियनच्या तुकड्यातून गाळून घ्या. वर जे राहील त्यावरून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला न चिकटणारी चकचकीत चांदीसारखी पूड म्हणजे ॲल्युमिनियम, पिस्टन घासलाय. चिकटणारी बारीक काळी पेस्ट थोडी असतेच, तिची चिंता नको. पण चुंबकावर खवल्यासारखे टोकदार तुकडे चिकटले तर बेअरिंग किंवा गिअरचा पृष्ठभाग सुटतोय. ते दिसलं की "नुसतं बोअर-पिस्टन" हा पर्याय संपला. तपकिरी, मऊ, कागदासारखे कण क्लच प्लेटचे.

ब्लॉक काय सांगतो

ब्लॉक उन्हात धरा आणि आत बघा. भिंतीवर चहूबाजूंनी बारीक उभ्या रेघा, चमक गेलेली आणि वरच्या टोकाला, जिथे रिंग वळते तिथे, नखाला लागणारी कड तयार झालेली, तर आत धूळ गेली आहे. आमच्याकडे हाच प्रकार सगळ्यात जास्त. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे मातीच्या रस्त्याने रोज गाडी चालते, खडी क्रशरवर कामाला जाणाऱ्यांची तर विचारूच नका. फिल्टर फाटलेला, किंवा धुऊन धुऊन जाळी झालेला, किंवा "पिकअप येत नाही" म्हणून काढूनच टाकलेला. अशा गाडीला कितीही महागाचा पिस्टन घाला, तो तेवढाच टिकणार.

याउलट रेघा एका बाजूला, रुंद, आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम ब्लॉकला पुसल्यासारखं लागलेलं असेल तर पिस्टन चिकटला होता. एक्झॉस्टच्या बाजूलाच लागला असेल तर उष्णता: ऑइल कमी, किंवा मिश्रणात पेट्रोल कमी. पिस्टनच्या चार कोपऱ्यांवर सारख्या खुणा असतील तर बहुधा बोअरच घट्ट झाला होता, म्हणजे दोष माझ्यासारख्या मशीनवाल्याचा, नाहीतर थंड इंजिन एकदम पिळणाऱ्याचा.

मग माप. बोअर गेज वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. पिस्टन खालच्या स्कर्टजवळ, गजन पिनला (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनला) काटकोनात मोजायचा. दोघांतलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत गेलं की तो जोड संपला. गेज नसेल तर निदान रिंग ब्लॉकमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने बघा. नव्या रिंगला ती पाव मिलिमीटरच्या आसपास असते. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली की रिंग तरी गेली किंवा ब्लॉक तरी. नवी रिंग घालूनही फट मोठीच राहिली तर ब्लॉक.

खरा निकाल खाली लागतो

ब्लॉक, पिस्टन, हेड हे सगळं बदलता येतं, आणि या गाडीचे भाग तर कुठल्याही तालुक्याला मिळतात. इंजिन ठेवायचं की नाही हे क्रँक आणि क्रँककेस (क्रँक ज्यात बसते तो खालचा सांगाडा) ठरवतात. तिथे कोणी नीट बघत नाही, कारण केस फोडायची म्हणजे इंजिन खाली उतरवावं लागतं.

ब्लॉक निघाल्यावर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड केसमधून तसाच बाहेर आलेला असतो. क्रँक फिरवून तो पूर्ण बाहेर आणा. दोन बोटांनी रॉड धरा आणि त्याच्या लांबीच्या दिशेने सरळ ओढा, सरळ दाबा. बाजूला डावी-उजवीकडे तो थोडा सरकणारच, ती जागा मुद्दाम ठेवलेली असते, त्याला घाबरायचं नाही. ओढा-दाबताना मात्र अजिबात खेळ नको. बोटाला बारीकसा टक् जाणवला तरी बिग एंड (रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) संपलाय. ऑइल पुसून, कोरडं करून पुन्हा बघा, कारण ऑइलची फिल्म तो टक् लपवते. हा टक् सोडून वर नवा पिस्टन बसवला, तर नव्या कॉम्प्रेशनचा दणका जुन्या बेअरिंगला बसतो आणि काही महिन्यांत खालून ठोकर सुरू होते. मालकाला वाटतं बोअर बिघडला.

रॉड किट बदलायचं तर क्रँक दाबून उघडायची आणि दाबूनच जोडायची. जोडल्यावर ती सेंटरमध्ये धरून डायल (फिरताना किती हलते ते मोजणारं घड्याळ) लावून सरळ करावी लागते. हे काम हातोडीने अंदाजाने करणाऱ्याकडे क्रँक देऊ नका. गाडी सुरू होईल, पण हँडल थरथरेल आणि नवी बेअरिंगं पुन्हा आवाज करतील.

क्रँककेसचं बघायचं ते असं. बेअरिंग जिथे बसते ती ॲल्युमिनियमची बैठक. चांगल्या केसमधून बेअरिंग काढायला केस तापवावी लागते. केस उघडताच बेअरिंग हातात गळून पडली आणि बैठकीत गोल घासल्याची चमक असेल, तर बेअरिंगची बाहेरची रिंग आत फिरत होती. पंच मारून बैठक घट्ट करणारे असतात, लॉकटाइट लावणारेही असतात. रोज थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत ते काही काळ निघतं, पण मी त्यावर फुल इंजिनचे (क्रँकसकट सगळ्या कामाचे) पैसे घालायला सांगणार नाही. तसंच चेन तुटून केसला चीर गेली असेल, किंवा इंजिन बसवायच्या बोल्टचा कान तुटला असेल तर. ड्रेन बोल्टचे आटे गेले, एखाद्या स्टडचे आटे गेले, एवढ्यावरून मात्र कोणी "केस गेली" म्हणाला तर ऐकू नका. हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्प्रिंग) घालून ते काम लेथवर होतं.

परत परत का होतं

या इंजिनाला कारसारखा बदलायचा ऑइल फिल्टर नसतो. खाली एक जाळी असते, आणि क्लचच्या बाजूला क्रँकच्या टोकावर एक गोल डबी फिरते. ऑइलमधला जड कचरा वेगाने बाहेर फेकला जाऊन त्या डबीच्या भिंतीला चिकटतो. ऑइल बदललं तरी तो तिथेच राहतो. डबी उघडायची तर क्लच कव्हर काढावं लागतं, पॅकिंग नवं लागतं, म्हणून बोअरच्या कामात ती बहुतेक वेळा उघडलीच जात नाही. आत बघाल तर शिसपेन्सिलीच्या रंगाचा घट्ट गाळ, नखाने खरवडला तर वडीसारखा निघतो. मागचा पिस्टन घासून गेला तेव्हाचं सगळं ॲल्युमिनियम तिथे असतं. डबी भरली की पुढचा कचरा ऑइलबरोबर थेट क्रँककडे आणि वर जातो. परत परत बिघडणाऱ्या इंजिनात मी मिस्त्रीला पहिला प्रश्न हाच विचारतो: डबी उघडलीस का? उत्तर बहुतेक वेळा "ती ठीक असेल" असं येतं.

दुसरं, पॅकिंग पेस्ट. हेडकडे ऑइल जाणारी वाट ब्लॉकमधूनच जाते आणि ती बारीक असते. पॅकिंगला दोन्ही बाजूंनी भरपूर पेस्ट थापली की जादा पेस्ट त्या वाटेत ढकलली जाते. वर व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर कोरडे चालतात. इंजिन बांधल्यावर स्लोवर चालू ठेवून टॅपेटचं झाकण काढा. वर ऑइल आलेलं दिसलंच पाहिजे. नाही दिसलं तर लगेच बंद.

तिसरं, कार्बोरेटर आणि हेडमधला इन्सुलेटर, त्याची ओ-रिंग. तिथे चीर पडली की बाहेरची हवा फिल्टरला बगल देऊन आत जाते: मिश्रण पातळ, इंजिन गरम, वर धूळ मोफत. स्लोवर चालू इंजिनात त्या जोडावर थोडं ऑइल सोडा. आवाज बदलला तर जोड गळका आहे.

आणि चौथं माझ्या बाजूचं. बोअर आधी करून मग पिस्टन आणायला जाणारे लोक असतात. पन्नासचा पिस्टन म्हणजे प्रत्येक कंपनीचा अगदी एकाच मापाचा नसतो; पिस्टन हातात घेऊन, मोजूनच बोअर करायचा असतो. बोअरनंतर होनिंग (दगडाने भिंत घासणं) झालं पाहिजे, भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत ब्लॉक बघून मालक खूश होतो, पण त्या भिंतीवर ऑइल टिकत नाही आणि रिंग बसत नाही. होनिंगनंतर ब्लॉक साबण आणि गरम पाण्याने ब्रश घेऊन धुवायचा, नुसता पेट्रोलने नाही. दगडाची भुकटी पेट्रोलने निघत नाही. पांढरं फडकं फिरवून काळं होईनासं झालं की कोरडा करून लगेच ऑइल लावायचं.

मग बांधायचं कधी, बदलायचं कधी

रॉड घट्ट, क्रँक शांत, ब्लॉकला साइझ शिल्लक: हाफ इंजिन करा, म्हणजे बोअर, पिस्टन, हेड, टायमिंग चेन आणि ती डबी. रॉडला खेळ आहे पण केस चांगली: फुल इंजिन. खर्च दुपटीच्या आसपास जातो, तरी या गाडीला तो परवडतो, कारण भाग स्वस्त आहेत. पंचाहत्तर किंवा शंभरवर आलेला ब्लॉक असेल तर बोअर करण्यापेक्षा नवा ब्लॉक-पिस्टन सेट घ्या. पैशांत फारसा फरक राहत नाही आणि पुढच्या साइझा पुन्हा मोकळ्या होतात.

केस गेली असेल तर दुसरं इंजिन. आणि इथे कागद मध्ये येतात. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो. केस बदलली की नंबर बदलला आणि आरसी बुकाशी जुळेनासा झाला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. आधी परवानगी न घेता इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांच्या आत कळवायचं. हे न केल्यास गाडी विकताना अडते, अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते, आणि नाकाबंदीत नंबर तपासला तर उत्तर देताना घाम फुटतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात काय किंवा कुठल्याही भंगारवाल्याकडे काय, इंजिन मिळतं. ते घेताना नंबरची जागा आधी बघा, बाकी नंतर. तिथे कानस फिरलेली दिसली, अक्षरं वाकडी किंवा वेगवेगळ्या खोलीची वाटली तर किंमत न विचारता पुढे चला. चोरीचा माल घेणाराही गुन्हेगार ठरतो. ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची प्रत, मालकाचं लेखी पत्र आणि बिल, हे तिन्ही मिळत नसेल तर तो सौदा नको. माल बघायचा तर टॅपेटचं झाकण काढून आत बघा: पिवळसर ऑइलचा डाग चालेल, काळा डांबरासारखा थर नको. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चाक) हाताने फिरवून कुठे अडतंय का ते बघा. "चालू इंजिन आहे" हे वाक्य भंगारात सगळ्याच इंजिनांबद्दल म्हणतात. आणलेलं इंजिन न उघडता बसवू नका. निदान जाळी आणि डबी तरी साफ करा.

गाडीचं वयही धरा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते, त्यासोबत पर्यावरण कर आणि पीयूसी. मुदत जवळ आली असेल तर तो खर्च इंजिनाच्या खर्चात मिळवून मग हिशोब करा. चेसिस सडलेली, टाकी गळकी, वायरिंग जोडाजोडीचं, अशा गाडीला फुल इंजिन करून देताना माझाच हात थांबतो.

दुसऱ्या गाड्यांचं थोडक्यात. आरएक्स १०० असेल तर मूळ नंबरची केस शक्य तितकी वाचवा, त्या गाडीची बाजारात किंमतच मूळ नंबरवर ठरते. उलट यामाहा आर१५ किंवा केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांच्या ब्लॉकला लोखंडी स्लीव्ह नसते. त्यांचा ब्लॉक बोअर करून पुढची साइझ टाकायचा विचार करू नका, थेट नवा ब्लॉक-पिस्टन. तरीही कोणी "करून देतो" म्हणाला तर ब्लॉक पिशवीत घाला आणि परत या.

बांधल्यानंतर

पहिले पाचशे किलोमीटर डबलसीट घाट नको, एकाच वेगात सलग लांब पल्लाही नको. उभ्या गाडीत तासभर स्लोवर चालू ठेवून "रिंग बसवणं" हा प्रकार बंद करा. त्याने इंजिन तापतं, रिंग बसत नाही. वेग कमी-जास्त करत चालवा. पाचशेला ऑइल बदला, पुन्हा फडक्यातून गाळा, आणि क्लच कव्हर उघडून ती डबी परत बघा. चुंबकाला चिकटणारी थोडी बारीक पूड असेल, ती नव्या रिंगची आणि होनिंगची. पुसून टाका, नवं पॅकिंग लावा. पुढच्या ऑइलला फडकं स्वच्छ निघालं तर इंजिन बसलं. तेव्हाही खवले दिसले, तर गाडी न चालवता थांबवा आणि खालून सुरुवात करा, ब्लॉक माझ्याकडे पाठवण्याआधी.